तिसरा गिअर, तिसरा हप्ता

फुरसुंगीहून एका वाचकाचं दोन पानी पत्र आलं आहे. त्यातलं दीड पान गिअरबॉक्सवर आहे. वाचक ४१ वर्षांचे, आयटीआय फिटर, हडपसरच्या एका कारखान्यात नोकरी, पगार हातात ३४ हजार. घरी बायको, आई, १३ वर्षांची मुलगी. वडिलांनी घेतलेला २००९ चा टाटा ४०७ दारात आहे. चुलत भाऊ तो चालवतो, सासवडकडचा भाजीपाला रात्री मार्केट यार्डात आणतो. आता पत्रातलंच थोडं देते:

“ताई, तिसरा गिअर सुटतो. भाऊ एक हात दांड्यावर दाबून धरून चालवतो, काम थांबलेलं नाही. मिस्त्रीने गिअरबॉक्स खोलून पूर्ण करायचे ५५ हजार सांगितले. मी फिटर आहे, व्हिडिओ बघून अभ्यास केला आहे. सामान २३ हजार आणि पुलर, टॉर्क पाना वगैरे १२ हजार, असं ३५ हजारांत अंगणातच करीन म्हणतो. २० हजार वाचतील. पुढच्या महिन्यात पॉलिसीचा ९६ हजारांचा तिसरा हप्ता आहे, त्यामुळे हात आखडलेला आहे. ट्रकचा विमाही त्याच कारणाने मार्चपासून राहून गेला आहे, जमलं की भरतो. घरी काम करणं परवडेल का, एवढंच सांगा.”

एवढंच सांगायचं तर चार ओळींत सांगून होईल, म्हणून ते आधी उरकते.

मिस्त्री पाच दिवसांत ट्रक देईल. तुम्ही नोकरी सांभाळून करणार, म्हणजे चार रविवार, म्हणजे महिना. डिझेल आणि भावाचा पगार जाऊन ट्रक महिन्याला २६ हजार देतो असं तुम्हीच लिहिलं आहे. तुमचे ३५ आणि बुडालेले २६ मिळून ६१ हजार. मिस्त्रीचे ५५ आणि पाच दिवसांचे चार-साडेचार मिळून साठाच्या आत. भाऊ त्या महिन्यात रिकामा बसला तरी त्याला काही ना काही द्यावं लागणार, ते मी धरलेलंच नाही. पाने घरात राहतील हे मान्य. पण २० हजार वाचत नाहीत, बरोबरी झाली तरी नशीब.

ते २६ हजारही खरे नाहीत. सहा टायर, क्लचप्लेट, पाटे, ब्रेक, फिटनेस, पीयूसी आणि तुम्ही न भरलेला विमा हे सगळं त्यातूनच जायचं असतं. वर्षाचं गणित बारा महिन्यांवर पसरलं की १६-१७ हजार उरतात. पत्राच्या शेवटी ‘गिअरबॉक्स झाला की ट्रक अजून दहा वर्षं ओढेल, मग दुसरा घेऊ’ असं म्हणता, त्याबद्दल मी बोलत नाही. सोळा वर्षं झालेल्या गाडीकडून दहा वर्षांची हमी मागणं हा हिशेब नव्हे, तो नवस.

एक मात्र करा. माझे वडील एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यामुळे ही भाषा माझ्या कानावरून गेलेली आहे. गिअर सुटतो म्हटल्यावर पूर्ण बॉक्स उतरवण्याआधी दोन गोष्टी घरी बघता येतात. जुनं तेल स्वच्छ पातेल्यात काढा आणि उन्हात धरा. पितळेची सोनेरी चमक दिसली तर सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर अलगद जुळवणाऱ्या पितळी कड्या, झिजल्या आहेत. लोखंडाचे टवके निघाले तर दात किंवा बेअरिंग गेलं, मग चर्चा संपली. दुसरं, वरचं झाकण काढून सिलेक्टरची, म्हणजे गिअर जागेवर धरून ठेवणारी, गोळी आणि स्प्रिंग बघा, फोर्कची झीज बघा, आणि बॉक्सचे माउंटिंग व बेल हाउसिंगचे (इंजिनला जोडणाऱ्या कवचाचे) बोल्ट ढिले तर नाहीत ना तेही बघा. कधी कधी सगळा तमाशा एका मेलेल्या स्प्रिंगचा असतो. एवढं फिटरला जमतं आणि खर्च तेलाचा. त्यापुढे बॉक्स खाली उतरवायचा तर मिस्त्रीकडेच. तो एकट्यादुकट्याने पोटावर झेलायचा ऐवज नाही, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रकखाली, घोडी (लोखंडी आधार) न लावता, कुणीही शिरू नये. सामान मात्र नाना पेठेत स्वतः जाऊन आणा, मिस्त्रीच्या बिलातले दोन-तीन हजार तिथे सुटतील.

झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आता न विचारलेलं.

मार्चपासून ट्रकला विमा नाही आणि तो रोज रात्री रस्त्यावर आहे. सासवडहून पुण्याला यायचं म्हणजे दिवे घाट उतरून. भरलेला ट्रक उतारावर गिअरच्या जोरावर धरायचा असतो, नुसत्या ब्रेकवर नाही. तिथे तिसरा सुटला की गाडी न्यूट्रलमध्ये, सगळा भार ब्रेकवर, आणि ड्रायव्हरचा एक हात आधीच दांड्यावर अडकलेला. हे चित्र तुम्ही स्वतःच लिहून पाठवलं आहे आणि त्याच्या शेजारी ‘काम थांबलेलं नाही’ असंही लिहिलं आहे. मी ती ओळ तीनदा वाचली.

दंडाची भीती घालत नाही. विम्याशिवाय पहिल्यांदा पकडलात तर २ हजार, तुरुंगवासाची तरतूदही आहे, पण लोक ते दोन हजार खिशात ठेवूनच फिरतात. भीती दुसऱ्या आकड्याची आहे. घाटाखाली एखादा तिशीचा दुचाकीवाला गेला, महिना २५ हजार कमावणारा, मागे आईवडील, बायको, मूल. भरपाई कशी काढतात याची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिली आहे. वर्षाचे ३ लाख. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे, झाले ४ लाख २० हजार. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा, राहिले सव्वातीन लाखांच्या जरा आत. वयाच्या हिशेबाने गुणिले १७. त्रेपन्न लाख. वर दाव्याच्या तारखेपासून व्याज.

विमा असेल तर हे पैसे विमा कंपनी भरते, थर्ड पार्टीत, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणाऱ्या विम्यात, मृत्यूच्या भरपाईला वरची मर्यादाच नाही. विमा नसेल तर मालक भरतो. आरसी बुकावर नाव तुमचं आहे, गाडी भाऊ चालवत होता हे सांगून सुटका नाही. तुमच्याकडे त्रेपन्न लाखांचं असं काय आहे? पत्रात एकच गोष्ट दिसते, अडीच गुंठ्यातलं घर.

आणि हे टाळायचा खर्च किती? साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता १६ हजार ४९ रुपये. त्यावर कर, मालक-चालकाचं अपघात संरक्षण आणि पगारी ड्रायव्हरचं नाममात्र संरक्षण धरा, १७ ते १८ हजार. दिवसाला पन्नास रुपये, घाटाच्या पायथ्याशी दोन चहा आणि एक वडापाव. हे ‘राहून गेलं’, कारण ९६ हजारांचा हप्ता राहून जाऊ द्यायचा नव्हता.

आता त्या हप्त्याकडे येऊ.

पॉलिसीचं माहितीपत्रक पत्रासोबत जोडलंत ते फार बरं केलंत. बँकेत एफडी मोडायला गेलात आणि तिथल्या काउंटरवर ‘एफडीसारखीच आहे, फक्त टॅक्स-फ्री’ म्हणून ही गळ्यात बांधली. दहा वर्षं ९६ हजार भरायचे, विसाव्या वर्षाच्या शेवटी २० लाख. भरणार ९ लाख ६० हजार, मिळणार त्याच्या दुप्पट, म्हणजे दामदुप्पट. ऐकायला छान. परतावा काढला तर वर्षाला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. हेच पैसे त्याच वेळापत्रकाने पीपीएफमध्ये टाकले असते, पंधरा वर्षांनी खातं पाच वर्षं वाढवलं असतं आणि एप्रिल २०२० पासून चालू असलेला ७.१ टक्के दर टिकला असता, तर २८ लाख झाले असते. तेही करमुक्त, आणि एखाद्या वर्षी हात आखडला तर ५०० रुपये भरूनही खातं जिवंत राहतं.

तुमच्यावर रागवत नाही. अर्धं पुणे या काउंटरवरून हेच घेऊन येतं, कालच एका निवृत्त शिक्षकांचं असंच निघालं. पण पत्रकाच्या पहिल्या पानावर पदवीची टोपी घातलेल्या मुलीचं चित्र आहे आणि तुम्ही पेनने शेजारी लिहिलं आहे, ‘मुलीच्या शिक्षणासाठी’. पॉलिसी घेतली तेव्हा मुलगी ११ वर्षांची. पैसे मिळणार विसाव्या वर्षी. तेव्हा ती ३१ ची असेल. कुठलं शिक्षण?

त्यात विमा म्हणून किती? हप्त्याच्या दहा पट, ९ लाख ६० हजार. उद्या तुम्हाला काही झालं तर तिघींचं घर त्यावर जेमतेम अडीच वर्षं चालेल. ४१ व्या वर्षी, तंबाखू नसेल तर, साठीपर्यंतचा एक कोटीचा टर्म विमा (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा) वर्षाला साधारण २०-२२ हजारांत येतो. असेल तर अर्जात खरं लिहा, हप्ता वाढू दे. खोटं लिहिलंत तर नेमकं पैसे मागायच्या वेळी ते बाहेर येतं.

मग करायचं काय? तुमच्या मनात लगेच येईल की पॉलिसी सरेंडर करून गिअरबॉक्स करू. थांबा. दोन हप्त्यांचे १ लाख ९२ हजार भरलेत. आत्ता मोडलीत तर किमान हिशेबाने त्यातले ३० टक्के, म्हणजे ५८ हजारांच्या आसपास हातात येतील. सव्वा लाखाच्या वर गेले. त्यापेक्षा हप्ते बंद करून ती पेड-अप करा, म्हणजे पुढे काही न भरता ती कमी रकमेवर मुदतीपर्यंत चालू राहते. दहापैकी दोन हप्ते भरलेत, त्या प्रमाणात चारेक लाख मुदतीअखेर मिळायला हवेत. नेमका आकडा पॉलिसीच्या अटींत असतो, कंपनीकडून तो लेखी मागा. अगदी तीन लाख दिले तरी आजचे ५८ हजार अठरा वर्षांत साडेनऊ टक्क्यांनी वाढल्यासारखे होतात. सरेंडरचा आकडाही लेखीच घ्या, नव्या नियमांची पॉलिसी असली तर तो जास्त निघू शकतो. तेव्हा दोन्ही कागद समोर ठेवून ठरवू.

प्रामाणिकपणे सांगायचं तर उलट बाजूही आहे. भरलेले दोन हप्ते बुडालेच असं धरलं तर पुढच्या आठ हप्त्यांवरचा परतावा पावणेसात टक्क्यांवर येतो, इतका काही भयंकर नाही. महिना लाख कमावणाऱ्याला मी कदाचित म्हटलं असतं की चालू ठेवा आणि धडा शिका. तुमचा पगार ३४ हजार आहे आणि महिन्याचे आठ त्यातून या पॉलिसीला जातात. त्या आठ हजारांनी आधी ट्रकचा विमा खाल्ला आणि आता ते गिअरबॉक्स खायला निघाले आहेत.

पुढच्या महिन्यासाठी बाजूला ठेवलेले ९६ हजार असे वाटा. थर्ड पार्टी १८. मिस्त्री ५५. टर्म विमा २२. झाले ९५. ज्या गिअरबॉक्ससाठी चार रविवार ट्रकखाली घालवायला निघाला होतात, त्याचे पैसे तुमच्याकडे होतेच, फक्त दुसऱ्याच्या नावाने ठेवले होते. झाकण उघडल्यावर नुसती स्प्रिंगच निघाली आणि ५५ चे ५ झाले, तर उरलेले मुलीच्या नावाने ठेवा. तिच्या अठराव्या वर्षाला पाच वर्षं आहेत, ते पैसे शेअर बाजाराकडे फिरकू देऊ नका, आवर्ती ठेव पुरे.

क्रम मात्र बदलू नका. आज रात्री भावाला सांगा, ट्रक निघणार नाही. उद्या सकाळी थर्ड पार्टी घ्या, ऑनलाइन तासाभराचं काम आहे. विमा आला म्हणूनही ट्रक बाहेर काढायचा नाही, तिसरा गिअर तोवर तसाच आहे. यार्डातल्या आडत्याला आठवडाभर दुसरी गाडी भाड्याने घेऊन लावून द्या. त्यात तीन-चार हजार जास्त गेले तरी गिऱ्हाईक टिकतं.

हप्त्याच्या तारखेआधी खात्यावरचं ऑटो डेबिट बंद करा, नाहीतर वाटणी होण्याआधीच पैसे निघून जातील. बंद केलंत की फोन येईल, गोड आवाजात. आधी ‘साहेब, तुमचं मोठं नुकसान होतंय’ म्हणतील, मग मुलीच्या भविष्याचा विषय काढतील, शेवटी म्हणतील शाखेत येऊन मॅनेजरना भेटा. जा, पण खुर्चीवर बसण्याआधी विचारा, पेड-अपचा अर्ज कुठल्या टेबलावर मिळतो, आणि दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेऊन या.