उतारावर ब्रेक सांभाळा

प्रश्न: ताई, इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर सायकलने फिरायचंय. मी मडगावचा, सराव फक्त कोलव्याच्या सपाट रस्त्यावर. जमेल का?

उत्तर: जमेल की! पण आधी करमल घाट दोन-चार वेळा मारा, कारण तिकडे समुद्र शेजारी असला तरी रस्ता सारखा वर-खाली जातो, आणि सान रेमोजवळची पोज्जोची चढण ३.७ किलोमीटरचीच पण सामान लादलं की मांड्या भरून येतात. मी उतारावर ब्रेक दाबूनच ठेवले होते, रिमला हात लावला तर चटकाच बसला, म्हणून दाबा, सोडा, परत दाबा. थकलात तर ओस्पेदालेत्तीपासून जुन्या रेल्वेमार्गावरचा २४ किलोमीटरचा सायकल ट्रॅक धरा, जवळजवळ सपाट, मध्ये बोगदेही लागतात. आणि हो, तिकडे उजवीकडून चालवायचं!