फ्रँकफर्टहून मुंबईला येणारं विमान सात तास उशिरा पोचलं. विमान कंपनीकडून भरपाई मागता येते का?

येते. आणि ती किरकोळ नाही: माणशी ६०० युरो, म्हणजे आई-बाबांचे मिळून १२००.

तुम्ही लिहिलंय की ताईकडून परत येताना तांत्रिक बिघाडामुळे विमान रखडलं, फ्रँकफर्टला जेवणाची कूपनं दिली आणि आठवड्याभराने कंपनीने पुढच्या प्रवासासाठी व्हाउचर पाठवून विषय संपवला. त्यांनी संपवला असेल, तुम्ही संपवू नका.

मी बरीच वर्षं जर्मनीत राहतोय. उन्हाळा आला की इथल्या प्रत्येक मराठी घरात कुणाचे आई-वडील, कुणाचे सासू-सासरे येऊन-जाऊन असतात, त्यामुळे हा विषय दर हंगामात निघतोच. बहुतेक लोक 'जाऊ दे, पोचले ना सुखरूप' म्हणून सोडून देतात. कंपन्यांना तेच हवं असतं.

हा नियम युरोपियन युनियनचा आहे, २००४ सालचा, क्रमांक २६१. त्यातली मेख दिशेत आहे. विमान युनियनमधल्या विमानतळावरून सुटत असेल तर कंपनी कुठलीही असो, भारतीय, आखाती नाहीतर जर्मन, नियम लागू. बाहेरून युनियनमध्ये येत असेल तर मात्र कंपनी युरोपियनच हवी. म्हणजे भारतीय कंपनीच्या विमानाने आई-बाबा जाताना मुंबईहून फ्रँकफर्टला सात तास उशिरा पोचले असते, तर या नियमाखाली एक सेंटही मिळाला नसता. ते परतीच्या वाटेवर अडकले, म्हणून तुम्ही कंपनीचं नाव दिलं नाहीत तरी मी 'हो' म्हणतोय. दुबई-दोहामार्गे आले असते आणि सगळा प्रवास एकाच बुकिंगवर असता, तरी हेच उत्तर दिलं असतं. तिथे शेवटच्या मुक्कामाला, म्हणजे मुंबईला, किती उशीर झाला तेवढंच बघतात.

रक्कम तिकिटाच्या किमतीवर नाही, अंतरावर ठरते. १५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, ३५०० पर्यंत ४००, त्यापुढे ६००. मुंबई साडेसहा हजारांच्या आसपास आहे, तेव्हा तो प्रश्नच नाही. उशीर तीन ते चार तासांच्या मधला असता तर कंपनीला निम्मे कापता आले असते, पण तुमचे सात आहेत. एक गंमत सांगतो. नियमाचा मूळ मजकूर उघडलात तर उशिरासाठी रोख भरपाई कुठे सापडणार नाही. तिथे ती रद्द झालेल्या विमानांना आणि तिकीट असूनही विमानात चढू न दिलेल्या प्रवाशांना आहे. तीन तासांहून जास्त उशिरालाही ती द्यावी लागेल, हे युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये ठरवलं. त्यामुळे मजकूर वाचून धीर सोडू नका. आणि पोचण्याची वेळ म्हणजे चाकं टेकली ती नव्हे, दार उघडलं ती. हेही न्यायालयानेच २०१४ मध्ये सांगितलंय. मुंबईला उतरल्यावर विमान उभं करायची जागा मोकळी नाही म्हणून धावपट्टीच्या कडेला ताटकळत ठेवतात, ती मिनिटंसुद्धा धरली जातात.

आता 'तांत्रिक बिघाड'. असाधारण परिस्थिती असेल तर कंपनीची सुटका होते: वादळ, धुकं, हवाई वाहतूक नियंत्रणाचे आदेश, पक्षी धडकणं वगैरे. पण विमानाची देखभाल हे कंपनीचं रोजचं काम आहे आणि त्यात निघणारा नेहमीचा बिघाड असाधारण ठरत नाही, असा निकाल २००८ पासून आहे. कंपनीने ईमेलमध्ये स्वतःच 'तांत्रिक बिघाड' लिहून दिलंय ना? तो ईमेल जपून ठेवा. त्यांनी तुमचं अर्धं काम केलंय.

कूपनांचा भरपाईशी संबंध नाही. खाणंपिणं, गरज पडली तर हॉटेल, ही वेगळी जबाबदारी आहे आणि ती खराब हवामानातही टळत नाही. व्हाउचरचं मात्र जपून. भरपाई रोख, बँकेतून नाहीतर चेकने द्यायची असते. व्हाउचर चालतं ते प्रवाशाने सही करून मान्य केलं तरच. काउंटरवर बाबांनी कुठल्या कागदावर सही केली होती का, हे आधी नीट विचारून घ्या. ज्येष्ठ माणसं समोरच्याने पेन दिलं की सही करून मोकळी होतात. सही नसेल तर व्हाउचर वापरू नका, 'आम्हाला हे मान्य नाही, रोख भरपाई हवी' एवढं लेखी कळवा.

मागणी कंपनीच्या वेबसाइटवरच्या फॉर्ममधून करा आणि तेच ईमेलनेही पाठवा. दोघांची पासपोर्टप्रमाणे नावं, पीएनआर, तेरा आकडी तिकीट क्रमांक, तारीख, प्रत्यक्ष पोचल्याची वेळ, नियमाचा क्रमांक, १२०० युरोंची मागणी आणि दोन-तीन आठवड्यांची मुदत. तिकीट ताईने काढलं असलं तरी हक्क प्रवास करणाऱ्याचा, म्हणून सह्या आई-बाबांच्याच. बोर्डिंग पासचा फोटो आजच काढा. त्या कागदावरची अक्षरं पुसट होत जातात.

पहिल्या उत्तरात बहुधा वाटाण्याच्या अक्षताच मिळतील. माझ्या सासूबाईंच्या वेळी 'ऑपरेशनल कारणांमुळे' एवढ्या दोन शब्दांवर नकार आला होता. मी उलट विचारलं: नेमकं काय झालं, कुठल्या विमानाला झालं, आणि उशीर टाळायला तुम्ही काय केलंत? हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने त्यांची असते. त्यावर काही आठवड्यांनी गुपचूप पैसे देतो म्हणाले. मग फॉर्म आयबॅनवर, म्हणजे युरोपात वापरतात त्या आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकावर, अडून बसला. आपल्या बँकांना आयबॅन नसतो आणि तो रकाना काही रिकामा सोडता येईना. शेवटी खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड पत्राने कळवले तेव्हा सोलापूरच्या खात्यात रक्कम आली. 'एवढ्यात तर मी अजून एकदा येऊन जाईन,' असं त्या म्हणाल्या आणि खरंच आल्या. ताईच्या जर्मन खात्यात घेणार असाल तर आई-बाबांचं सही केलेलं अधिकारपत्र जोडा. काही कंपन्या त्याशिवाय दुसऱ्याच्या नावे पैसे देत नाहीत.

दोन महिने उलटूनही दाद दिली नाही तर जर्मनीत विमान प्रवाशांसाठी तडजोड मंडळ आहे. कंपनी त्याची सदस्य नसेल तर बॉनच्या फेडरल न्याय कार्यालयात तीच सोय आहे. दोन्हीकडे प्रवाशाला फी पडत नाही. अर्ज जर्मनमध्ये ताई भरू शकेल. त्यापुढे फ्रँकफर्टचं स्थानिक न्यायालय. मुदत ज्या वर्षी प्रवास झाला ते वर्ष संपल्यापासून तीन वर्षं, त्यामुळे घाई नाही. इंटरनेटवर 'आम्ही मिळवून देतो' म्हणणाऱ्या कंपन्या पाव ते तिसरा हिस्सा कापून घेतात, कोर्टात गेलं तर आणखी. पत्र लिहायचा अगदीच कंटाळा असेल तर ठीक, पण तुमच्यासारख्या सरळ प्रकरणात मी तरी त्यांना १२०० मधले ३०० देणार नाही.

खाली कुणीतरी विचारलंय की हेच मुंबई-दिल्ली प्रवासात मिळेल का. नाही. आपल्या डीजीसीएच्या, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक नियामकाच्या, नियमांत उशिरासाठी ठरावीक रोख रक्कम नाही. ठरलेल्या तासांपुढे खाणं, सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड, आणि रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेतलं विमान सहा तासांहून जास्त रखडलं तर हॉटेल. पाच ते दहा हजारांची जी भरपाई ऐकिवात असते, ती वेळेत न कळवता रद्द केलेल्या विमानाची. उशिरामुळे खरंच नुकसान झालं असेल, तर पावत्या घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. तिथे मुदत दोन वर्षांची.

तुमच्या कंपनीचं उत्तर आलं की नावं-नंबर झाकून इथे टाका, पुढचं पत्र कसं लिहायचं ते बघू.