पुनर्जन्म नव्हे, परकायाप्रवेश

चिनी वेबकादंबरीचा मराठी अनुवाद करणाऱ्या एका वाचिकेचा प्रश्न असा आहे: आजच्या काळातली एक तरुणी अपघातात मरते, जुन्या राजवटीतल्या उपेक्षित सुनेच्या देहात जागी होते आणि कोणाच्याही आधाराविना स्वतःचा संसार-व्यवसाय उभा करते, अशा कथेला ‘स्वतंत्र नायिकेची पुनर्जन्म-कादंबरी’ म्हणावे का?

पुनर्जन्म अजिबात म्हणू नये. हा वापर हल्ली इतका बोकाळला आहे की तो ऐकताना चीड येते. ज्या कथेत जन्मच होत नाही, नायिका थेट भरल्या वयाच्या देहात डोळे उघडते, तिथे पुनर्जन्म कोणाचा झाला? शिवाय चिनी वाचकांनी हा भेद आधीच केलेला आहे. आपल्याच आयुष्यात मागे जाऊन ते नव्याने जगण्याला ते ‘चोंगशेंग’, म्हणजे शब्दशः पुनर्जन्म, म्हणतात. परक्या काळात किंवा परक्या देहात जाण्याला ‘च्वानयुए’, म्हणजे आरपार ओलांडून जाणे. दोन्हींना एकच मराठी शब्द लावला, तर अनुवाद पहिल्याच पानावर फसतो.

काही जाणकार गीतेतल्या ‘देहान्तरप्राप्ती’चा आधार घेऊन ‘देहांतर’ सुचवतात. मला ते मुळीच मान्य नाही. गीतेतले देहांतर बालपण, तारुण्य आणि वार्धक्य यांच्यासारखे ओघाने येणारे आहे. मिळणारा देह आधी दुसऱ्या कोणाचा होता, ही गोष्ट त्यात नाही, आणि या कादंबऱ्यांचा सारा ताण तर तिथेच आहे. तो ताण ‘परकायाप्रवेश’ या शब्दातल्या ‘पर’मध्ये आहे. ‘परकायप्रवेश’ हेच शुद्ध, असा आग्रह धरणाऱ्यांनी संस्कृतापुरता तो खुशाल धरावा. कायावाचामने बोलणाऱ्या मराठीत काया स्त्रीलिंगी आहे.

या शब्दातला खरा ऐवज मात्र ‘काय’ हा आहे. पाणिनीने ३.३.४१ या सूत्रात ‘चि’, म्हणजे रचणे, गोळा करणे, या धातूच्या ‘च’चा ‘क’ होतो असे सांगितले आणि त्यासाठी निवास, चिती (यज्ञासाठी रचलेली वेदी), शरीर आणि रास असे चार अर्थ एका दमात दिले. म्हणजे देहाचा ‘काय’ आणि निवासाचा ‘निकाय’ एकाच सूत्रातून निघतात. ‘चिता’ही त्याच धातूची. कथासरित्सागरातला इंद्रदत्त मेलेल्या नंदराजाच्या देहात शिरतो आणि मागे ठेवलेला त्याचा स्वतःचा देह जाळला जातो, तेव्हा एकाच धातूचे दोन शब्द समोरासमोर उभे राहतात. देह म्हणजे रचलेले घर, ही कल्पना आपल्या व्याकरणातच मुरलेली आहे, असे माझे ठाम मत आहे. आणि या चिनी कादंबऱ्यांत देहाच्या आधीच्या स्त्रीला काय म्हणतात? ‘युआनझू’, म्हणजे मूळ मालकीण!

याचा सर्वांत सुंदर पुरावा महाभारताच्या शांतिपर्वात आहे. भिक्षुकी सुलभा योगबळाने मिथिलेच्या जनकाच्या देहात शिरते. तू कोणाची, कुठून आलीस, असे तो चिडून विचारतो. आपल्या योग्यतेचा पती मिळाला नाही म्हणून आपण एकटीच मुनिव्रताने फिरतो, असे ती सांगते. त्याच्या आत्मज्ञानाच्या दाव्याची एकेक गाठ सोडवते. आणि शेवटी म्हणते की भिक्षूने नगरातल्या ओस घरात एक रात्र काढावी, तशी ही रात्र मी तुझ्या शरीरात काढीन. यावर राजाला उत्तर सुचत नाही. तिथे दोघांची मने एका देहात आहेत, कादंबरीत मूळ मालकीण निघून गेलेली असते, हा फरक मोठा आहे. पण म्हणूनच ओस घराची उपमा कादंबरीला अधिक चपखल बसते. परकायाप्रवेशाची चर्चा मृत अमरुक राजाच्या देहात शिरलेल्या शंकराचार्यांच्या कथेपाशीच थांबवणारे अभ्यासक सुलभेला वगळतात, हे मला अक्षम्य वाटते.

‘स्वतंत्र’ हे विशेषण राहू द्यावे. ‘सशक्त नायिका’ असा बदल सुचवला जाईल, तो स्वीकारू नये. बळ परक्याच्या आज्ञेतही असू शकते, आणि पाणिनीने कर्त्याची व्याख्याच ‘स्वतन्त्रः कर्ता’, म्हणजे जो स्वतंत्र तो कर्ता, अशी केली आहे. मुखपृष्ठावर ‘स्वतंत्र नायिकेची परकायाप्रवेश-कादंबरी’ असे छापावे आणि ‘युआनझू’साठी आतल्या पानांत सर्वत्र ‘मूळ मालकीण’ हाच शब्द ठेवावा.