मेटाप्लेशिया म्हणजे मेटास्टॅसिस नव्हे

ताई, आईंच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये 'स्क्वॅमस मेटाप्लेशिया' वाचून कॅन्सर पसरला की काय, असं तुम्ही विचारलंय. नाही हो. पसरण्याला मेटास्टॅसिस म्हणतात. दोन्हींत 'मेटा' आहे, नातं तेवढंच.

मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड बनवल्या. पिशवी फॉर्मेलिनच्या, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावणाच्या, डब्यात यायची. तिचे तुकडे मेणात बसवून ३ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप काढायचे आणि रंगवायचे. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी, बाकीचं गुलाबी. पिशवीच्या तोंडाच्या आतल्या बाजूला उंच, चिकट स्राव करणाऱ्या पेशींची एकच रांग असते. त्यांच्या जागी चपट्या पेशींचे थर आले की त्याला स्क्वॅमस मेटाप्लेशिया म्हणतात. एका जातीची पेशी गेली, दुसरी आली. बायकांमध्ये हे सर्रास दिसतं, आजार म्हणून कुणी मोजत नाही.

जपायचा शब्द डिस्प्लेशिया. त्यात पेशींची ठेवणच बिघडलेली असते. तोही कॅन्सर नाही, पण डॉक्टरांकडे जाणं टाळू नये. हायपरप्लेशिया म्हणजे पेशींची संख्या वाढलेली. त्यापुढे 'विथ एटिपिया' (पेशींचं रूप नेहमीपेक्षा वेगळं) आहे की 'विदाउट', ते आवर्जून वाचा, पुढचे उपचार त्यावर ठरतात. तुमच्या रिपोर्टमधला लायोमायोमा म्हणजे आपण फायब्रॉइड म्हणतो ती साधी गाठ. पण नुसत्या 'ओमा'वरून निर्धास्त होऊ नका, कार्सिनोमा म्हणजे कॅन्सरच, त्यातही 'ओमा' आहेच.

आता रिपोर्टमधलं 'टीएएच विथ बीएसओ', म्हणजे ऑपरेशनचं नाव: 'टोटल अ‍ॅब्डॉमिनल हिस्टरेक्टमी' आणि 'बायलॅटरल साल्पिंगो-ऊफोरेक्टमी'. 'एक्टमी' म्हणजे काढून टाकणं. ('ऑटमी' म्हणजे छेद घेऊन उघडणं, 'ऑस्टमी' म्हणजे बाहेर तोंड काढणं, जसं कोलोस्टमीत मोठ्या आतड्याचं.) टीएएच म्हणजे पोटावर छेद घेऊन पिशवी तोंडासकट काढली. 'टोटल' या शब्दात अंडाशयं येत नाहीत, ती बीएसओमध्ये येतात: दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशयं. आईंची पाळी अजून चालू होती का? असेल तर अंडाशयं निघाल्यामुळे रजोनिवृत्ती एकदम येते, अंगातून वाफा निघतात, झोप उडते. हाडं विरळ होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे टाके दाखवायला जाल तेव्हाच डॉक्टरांना विचारा आणि रिपोर्टचं शेवटचं पान, 'इम्प्रेशन'चं म्हणजे निष्कर्षाचं, त्यांच्यासमोर उघडून ठेवा.