साइटला हात लावण्यापूर्वी
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

प्रश्न : मी १० मीटर एअर रायफल प्रकारात नेमबाजी करतो. आजवरचा सराव क्लबच्या जुन्या रायफलवर झाला. आता स्वतःची नवी मॅच (स्पर्धेसाठीची) रायफल घेतली आहे. रेंजवरचा पहिला अनुभव मात्र गोंधळात टाकणारा ठरला. सुरुवातीला छर्रे घड्याळातील दहाच्या दिशेला, आठ गुणांच्या कड्यात पडत होते. मागच्या साइटला (रायफलवरच्या, नेम धरण्याच्या साधनाला) क्लिक दिले, म्हणजे तिचा स्क्रू एकेक खाच फिरवला, तर छर्रा कधी अपेक्षेपेक्षा जास्त सरकला, कधी मुळीच सरकला नाही आणि शेवटी तर तो उजवीकडे खाली जाऊ लागला. ट्रिगरही इतका हलका आहे की नेम स्थिर होण्याआधीच सुटतो. साइट सदोष आहे, असे समजून ती बदलून मागावी काय? — एक वाचक

उत्तर : इतक्यात मागू नये. आपण लिहिलेल्या लक्षणांवरून साइटवर आरोप ठेवता येतो, पण तो सिद्ध होत नाही. कारण आपण बहुधा प्रत्येक छर्ऱ्यानंतर साइट फिरवत होता आणि तसे केले की निर्दोष साइटही लहरी वाटू लागते. कोणत्याही नेमबाजाचे छर्रे एकाच भोकात पडत नाहीत, ते एका मध्याभोवती विखुरतात. त्यातला एखादा डावीकडे गेला म्हणून लगेच उजवीकडे क्लिक दिले आणि पुढचा छर्रा मुळातच उजवीकडचा निघाला, तर चूक दुप्पट दिसते. म्हणून निदान पाच छर्रे साइटला हात न लावता मारावेत, त्या ग्रुपचा, म्हणजे छर्ऱ्यांच्या पुंजक्याचा, मध्य शोधावा आणि दुरुस्ती त्या मध्यावरून ठरवावी.

ही दुरुस्ती किती सूक्ष्म असते, तेही पाहण्यासारखे आहे. या टार्गेटवर लगतची दोन कडी एकमेकांपासून २.५ मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणजे आठच्या कड्यातला आपला ग्रुप मध्यापासून साधारण ५ मिलिमीटर दूर होता. पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर ८० सेंटिमीटर धरले, तर १० मीटरवरील ही ५ मिलिमीटरची चूक मागच्या साइटच्या केवळ ०.४ मिलिमीटर हालचालीने भरून निघते. याचाच व्यत्यास असा की साइटचा बसवणीचा स्क्रू नीट आवळलेला नसेल आणि ती खाचेत तेवढीच हलत असेल, तर दोन कड्यांचे नुकसान कोणाच्या लक्षातही न येता होते. नव्या रायफलवर प्रथम हेच तपासावे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, नळी टार्गेटच्या दिशेला ठेवून, साइट बोटांनी हलवून पाहावी. त्यानंतर बॅरलची यंत्रणा ज्या स्क्रूंनी दस्त्यात धरलेली असते, ते उत्पादकाने सांगितलेल्या ताणाइतके आवळलेले आहेत की नाहीत, ते बघावे. आपल्या पत्रात या तपासणीचा उल्लेख नाही.

आता साइटची खरी परीक्षा. रायफल टेकूवर ठेवून पाच छर्रे मारावेत. मग मागची साइट २० क्लिक उजवीकडे फिरवून दुसऱ्या टार्गेटवर पाच मारावेत आणि तेवढेच क्लिक उलटे फिरवून तिसऱ्यावर पाच. पहिला आणि तिसरा ग्रुप एकाच जागी आले, तर साइट विश्वासाची आहे; शिवाय दुसऱ्या ग्रुपच्या पहिल्यापासूनच्या अंतराला २० ने भागले की एका क्लिकचे मोलही आपल्याच हातांनी मोजून मिळते. उंचीसाठी हीच कृती करावी. तिसरा ग्रुप थोडासाच मागे राहिला, तर त्याचे कारण बहुतेक वेळा स्क्रूच्या आट्यांमधील मोकळीक हे असते. दिशा बदलल्यावर पहिले एखाद-दोन क्लिक नुसते ऐकू येतात, साइट हलत नाही. आपला छर्रा ‘मुळीच सरकला नाही’ तो कदाचित याचमुळे. त्यावर उपाय म्हणजे हव्या त्या खुणेच्या थोडे पुढे जाऊन परतणे आणि शेवटचे क्लिक नेहमी एकाच दिशेने देणे. तिसरा ग्रुप वारंवार भलतीकडेच पडू लागला, तर मात्र विक्रेत्याकडे जावे आणि तिन्ही टार्गेटे सोबत न्यावीत. तोंडी तक्रारीपेक्षा ती अधिक बोलतात.

चाचणीभर छर्रे एकाच डब्यातले असावेत. ४.५ मिलिमीटरच्या मॅच छर्ऱ्यांतही डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा वेगवेगळा मिळतो आणि एखाद्या बॅरलला त्यातला एकच मानवतो. आणखी एक सूचना : बाणाच्या किंवा अक्षरांच्या खुणेवर आंधळा विश्वास ठेवू नये. काही साइटांवर ती खूण छर्रा कुठे हलवायचा ते दाखवते, तर काहींवर छर्रा कुठे लागला ते.

ट्रिगरबद्दल थोडक्यात सांगायचे, तर या प्रकारात ट्रिगरच्या वजनाला किमान मर्यादा नसल्याने मॅच ट्रिगर हलकाच येतो. पण तो नवख्या बोटाला पेलेल इतका जड करून घेता येतो आणि सुरुवातीला तसा करावाही. ट्रिगरचा पहिला टप्पा, म्हणजे छर्रा सुटण्याआधीची हलकी ओढ, कुठे संपतो हे बोटाला स्पष्ट कळले पाहिजे. त्यासाठी छर्रा न भरता, रायफलमधील कोऱ्या सरावाची सोय वापरून ट्रिगर दाबत राहणे हा सर्वांत स्वस्त सराव आहे.

प्रश्न : नव्या रायफलसोबत पुढच्या साइटसाठी अनेक मापांच्या रिंगा (ज्यांच्या मधोमध टार्गेट धरायचे, ती कडी) आल्या आहेत. लहान रिंग लावल्याने नेम अधिक अचूक होतो का?

उत्तर : तसे वाटते खरे, पण अनुभव उलटा येतो. डोळ्यापासून पुढची साइट ९० सेंटिमीटरवर धरली, तर टार्गेटवरचा ३०.५ मिलिमीटरचा काळा गोल त्या जागी सुमारे २.७ मिलिमीटरचा दिसतो. ३.२ मिलिमीटरच्या रिंगमध्ये त्याच्याभोवती जेमतेम पाव मिलिमीटरची पांढरी कडा उरते. रायफल जराशी हलली की एका बाजूची कडा नाहीशी होते, डोळा गोंधळतो आणि नेमबाज ट्रिगर दाबायचे टाळत राहतो. ४.० च्या रिंगमध्ये ही कडा ०.६ मिलिमीटरहून मोठी असते आणि ती सर्व बाजूंनी सारखी आहे की नाही, हे डोळा सहज ओळखतो. पहिल्या सरावासाठी मोठी रिंगच निवडावी. मागच्या साइटचे छिद्र बदलता येत असेल, तर तेही फार बारीक करू नये. रिंग रेखीव दिसते, पण प्रकाश घटतो आणि डोळा लवकर थकतो.

प्रश्न : नवे बॅरल पहिल्या वापरापूर्वी स्वच्छ करावे काय?

उत्तर : कारखान्यातील तेल काढण्यासाठी फेल्टचे (दाबलेल्या लोकरीचे) बोळे बॅरलमधून एकदा फिरवावेत, तेही उत्पादकाने सांगितलेल्या दिशेने. साफसफाईनंतरचे पहिले काही छर्रे इकडेतिकडे जातात, त्यांवरून ग्रुप मोजू नये.