आधी तोंड उघड

प्रिय बाळा,

ख्रिस्तात सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर चपला घालता घालता तू म्हणालास, "काका, प्रार्थनेला बसतो, पण पलीकडे कुणी नाही असं वाटतं. आणि गेल्या वर्षी जे झालं, त्यानंतर तर त्याच्यासमोर जायला तोंडच उरलं नाही." मी नुसता तुझ्या खांद्यावर हात ठेवला. घरी आल्यापासून त्याची चुटपुट लागली आहे. विचारायला हवं होतं ते राहून गेलं: हे मला सांगितलंस, ते त्याला सांगितलंस का?

नसशील सांगितलं. मीही नऊ वर्षं सांगितलं नव्हतं.

आई आजारी होती तेव्हा मी रात्र रात्र गुडघ्यांवर होतो. ती गेली. त्यानंतर माझा एक रविवार चुकला नाही, गीतं म्हटली, वर्गणी दिली, प्रभुभोजन घेतलं. पण त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत वडील म्हणायचे, "आज तू कर." मी प्रभूची प्रार्थना घडाघडा म्हणून आमेन करायचो. ते मान खाली घालून थोडा वेळ तसेच बसून राहायचे, माझं अजून काही येईल म्हणून. मग कंदिलाची वात कमी करायचे. त्यांच्या हयातीत माझं तोंड उघडलं नाही, बाळा. ते मला आजही टोचतं.

उघडलं ते रेल्वेच्या फाटकावर. फाटक पडलेलं, मालगाडी संपता संपेना, मी सायकल धरून उभा. त्या खडखडाटात कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून मोठ्यानं म्हणालो, "का नेलीस तिला?" उत्तर आलं नाही. पण घरी पोचेपर्यंत मी बोलतच होतो.

म्हणून सांगतो, आधी बोल. मन निर्मळ झाल्यावर, ओढ परत आल्यावर, योग्य शब्द सुचल्यावर बोलेन म्हणशील तर माझ्यासारखी नऊ वर्षं घालवशील.

बायबलातलं स्तोत्र ८८ काढ. आपल्याकडे ते उपासनेत फारसं कुणी वाचत नाही. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं कुठेतरी वळण घेतात, शेवटी आशेवर येतात. हे येत नाही. मूळ इब्री (हिब्रू) स्तोत्रातला शेवटचा शब्दच अंधार आहे. तू माझे सोबती दूर केलेस, तू मुख का लपवतोस, असं तो माणूस देवालाच विचारतो. आता त्यानं काय केलं ते बघ. पहिल्या ओवीत रात्रंदिवस ओरडतो, नवव्या ओवीत रोज हात पसरतो, तेराव्या ओवीत सकाळी पुन्हा प्रार्थना घेऊन हजर. तीनदा! हाती काही लागलेलं नाही, तरी बोलणं थांबवलेलं नाही. हे पवित्र शास्त्रात ठेवलंय ते तुझ्यासारख्यासाठीच.

आणि तोंड उरलं नाही म्हणतोस ते पापामुळे. दावीद राजाचं बघ. दुसऱ्याच्या बायकोशी, बथशेबेशी, त्यानं पाप केलं. तिच्या पोटी मूल जन्माला आल्यावर नाथान संदेष्टा त्याला जाब विचारायला आला, म्हणजे निदान नऊ महिने राजा गप्प होता. गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, असं स्तोत्र ३२ मध्ये लिहिलंय. आणि ५१ व्या स्तोत्रात तो तारणाचा आनंद परत मागतो ते शुद्ध होऊन आल्यावर नाही. मला धू, हीच तर त्याची विनवणी आहे. मळ अंगावर असताना बोललाय तो. आणि तू आंघोळ करून जाणार म्हणतोस! कोणत्या पाण्यानं?

रागावलो का? रागावलोच आहे.

मंडळीतले काहीजण म्हणतात, मी तरुणांना देवाशी भांडायला शिकवतो. पाळकसाहेबांनीही एकदा हळूच सुचवलं होतं. मी त्यांच्यापुढे ईयोबाचा ४२ वा अध्याय ठेवला. सगळं गमावून दुःखात बसलेल्या ईयोबानं काय कमी ऐकवलं देवाला? त्याचे मित्र मात्र देवाची बाजू घेऊन छान छान बोलत होते. शेवटी देव त्या मित्रांपैकी अलीफजला म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी नीट बोलला, तुम्ही बोलला नाहीत. आणि मित्रांसाठी प्रार्थना कुणी करायची? त्यानंच. मित्रांचं सगळं बोलणं देवाविषयी चाललेलं. देवाशी बोलला तो एकटा ईयोब. यापुढे मला कुणी उद्धट म्हणालं तरी मी माझं म्हणणं सोडणार नाही. वडिलांच्या त्या ताटकळण्यानं मला हे शिकवलंय.

आज रात्री खोलीचं दार लाव. खोलीतले सोबती असतील तर गच्चीवर जा. ८८ वं स्तोत्र मोठ्यानं वाच, मनातल्या मनात नको, आणि ते संपलं की तिथूनच पुढे स्वतःचं सुरू कर. गेल्या वर्षीचं जे आहे ते नाव घेऊन सांग. दोनच वाक्यं आली तरी चालतील. उद्या पुन्हा.

पुढच्या रविवारी घरी जेवायला ये, काकूनं सांगितलंय. काय बोललास ते मी विचारणार नाही. बोललास का, एवढं मात्र विचारीन.

तुझा,
काका