टॉर्चर गार्डनला जायचं म्हणताय? मग आधी कपड्यांचं बघा

आपल्या ग्रुपवर हाउन्स्लोला राहणाऱ्या एका सदस्याने विचारलंय की त्याला आणि बायकोला लंडनच्या 'टॉर्चर गार्डन'ला, म्हणजे फेटिशवाल्यांच्या (रबर-चामड्याचे कपडे, चाबूक-दोऱ्यांचे खेळ यांची हौस असलेल्यांच्या) क्लबला, एकदा जाऊन यायचं आहे. तिथे नक्की काय चालतं, नुसतं बघायला गेलं तर चालेल का, कोणी फोटो काढले तर काय, आणि हे सगळं कायद्यात बसतं ना? त्यावर एकाने "सेक्स क्लब आहे, संसारी माणसांनी जाऊ नये" असं लिहिलंय, तर दुसऱ्याने "काही नाही हो, फॅन्सी ड्रेस पार्टी" म्हणून मोडीत काढलंय. मी लंडनमध्ये बरीच वर्षं आहे, तिथे जाऊन आलोय, पुन्हाही जाईन. मला दोन्ही उत्तरं पटली नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुळात ही नाचायची रात्र आहे. मोठा डान्स फ्लोअर, डीजे, कान बधिर करणारा टेक्नो. दुसऱ्या एखाद्या खोलीत कॅबरे किंवा जुन्या धाटणीचं संगीत. मध्येच स्टेजवर बर्लेस्क (नखऱ्याने एकेक कपडा उतरवत केलेला नाच), आगीचे खेळ, कधी अंगावर काटा आणणारं काहीतरी. आणि एका बाजूला खेळाची खोली, जिला सगळे डंजन म्हणतात. खेळ म्हणजे राजीखुशीने एकमेकांना बांधणं, फटके देणं. त्यासाठी तिथे चाबूक, दोऱ्या, लाकडी चौकटी वगैरे असतं. तिकडे न फिरकता रात्रभर नाचून घरी जाणारे भरपूर भेटतील. माझ्या अंदाजाने तेच जास्त असावेत.

हा क्लब म्हणजे एखादी ठरलेली इमारत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. क्लब नाइट म्हणजे भाड्याच्या जागेत भरणारी रात्र. ऑक्टोबर १९९० मध्ये डेव्हिड वुड आणि ॲलन पेलिंग या दोघांनी शेफर्ड्स बुशच्या 'ऑपेरा ऑन द ग्रीन'मध्ये पहिली रात्र भरवली. नाव घेतलं ऑक्ताव्ह मिरबो या फ्रेंच लेखकाच्या १८९९ च्या कादंबरीवरून. त्यानंतर बिऱ्हाड पाठीवर. ब्रिक्स्टनला सेंट मॅथ्यू चर्चच्या इमारतीत असलेला 'मास' (हो, चर्चच!), लंडन ब्रिजच्या कमानींखालचा 'सी-वन', एलिफंट अँड कॅसलचं 'कोरोनेट' थिएटर. यातल्या जागा एकेक करून बंद झाल्या. कोरोनेटने २०१८ च्या सुरुवातीला गाशा गुंडाळला. रात्र मात्र चालू राहिली, एडिंबरा, रोम, टोकियोपर्यंत जाऊन आली. मार्च २०२० मध्ये कोविडने इंग्लंडमधले सगळेच नाइटक्लब बंद पाडले, ते जुलै २०२१ मध्ये उघडले, आणि ही मंडळी परत हजर.

त्याआधी लंडनमध्ये असलं काही नव्हतं असं नाही. जानेवारी १९८३ मध्ये सोहोतल्या 'स्टॅलियन्स' या क्लबात 'स्किन टू' नावाची रात्र सुरू झाली होती. ती सुरू करणारा डेव्हिड क्लॅरिज पुढे ब्रिटिश टीव्हीवर लहान मुलांच्या लाडक्या रोलंड रॅट या उंदराच्या बाहुलीचा कर्ता म्हणून गाजला, हे मला कळलं तेव्हा मी बराच वेळ हसत होतो. पण ते जग रबर-चामड्याच्या जुन्या शौकिनांचं, आपसातलं. टॉर्चर गार्डनवाल्यांनी त्यात रेव्ह आणि इंडस्ट्रियल संगीत आणलं, टॅटू-पिअर्सिंगवाले आणले, अंगावर प्रयोग करणारे कलाकार आणले. गे, स्ट्रेट, ट्रान्स सगळे एकाच फ्लोअरवर. आज बर्लेस्कची राणी म्हणून ओळखली जाणारी डिटा व्हॉन टीज इथेही नाचली आहे.

आता कायद्याकडे येऊ, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

१९८७ मध्ये मँचेस्टरच्या पोलिसांच्या हाती एक व्हिडिओ लागला. काही पुरुष एकमेकांना जबर इजा करताहेत असं त्यात दिसत होतं. पोलिसांना वाटलं खून पडलेत. तपासात निघालं की सगळे जिवंत, धडधाकट आणि राजीखुशीने सामील झालेले. तक्रार कोणाचीच नव्हती. तरीही खटला उभा राहिला. 'ऑपरेशन स्पॅनर' म्हणतात ते हेच. डिसेंबर १९९० मध्ये सोळा जणांना शिक्षा झाल्या, काहींना तुरुंगवास. म्हणजे शेफर्ड्स बुशमधल्या त्या पहिल्या रात्रीनंतर जेमतेम दोन महिन्यांनी. १९९३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) तीन विरुद्ध दोन अशा मतांनी अपील फेटाळलं, १९९७ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानेही ब्रिटनचीच बाजू उचलून धरली. सार एवढंच की खरीखुरी इजा झाली तर "त्याची संमती होती" हा बचाव चालत नाही. २०२१ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यात हे तत्त्व कलमासकट लिहूनच टाकलंय.

गंमत म्हणजे १९९६ मध्ये अपील कोर्टाने एका नवऱ्याला सोडून दिलं. बायकोने सांगितलं म्हणून त्याने तिच्या पार्श्वभागावर आपली आद्याक्षरं तापलेल्या सुरीने उमटवली होती. कोर्ट म्हणालं, नवरा-बायकोची खाजगी बाब. दोन पुरुष असते तर हेच म्हटलं असतं का? मला नाही वाटत.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर: परवाना असलेल्या जागेत, अठरा वर्षांवरच्यांसाठी भरणारा हा उघड कार्यक्रम आहे. तिथे जाणं, नाचणं, बघणं यात बेकायदा काही नाही. खेळाच्या खोलीतही जे चालतं ते आवाज जास्त आणि इजा कमी या जातीचं. रक्त-जखमांपर्यंत कोणी जाऊ लागलं तर तिथे नेमलेली माणसं थांबवतात, आणि ती नुसती शोभेला नसतात.

पण असल्या कायद्याच्या सावलीत एक रात्र पस्तीस वर्षांच्या वर टिकते कशी? लोक म्हणतात धाडस, बंडखोरी. माझं मत विचाराल तर दारावरची शिस्त. दारावर कपडे बघतात, आणि खरंच बघतात. जीन्स, टी-शर्ट, ऑफिसचा सूट, बाजारातून उचललेला स्वस्तातला फॅन्सी ड्रेस: तिकीट असलं तरी परत पाठवतात. आजीच्या स्वयंपाकघरात सोवळं नेसल्याशिवाय पाऊल टाकता यायचं नाही, तितकाच कडक मामला. वरवर नखरा वाटतो, पण त्यामागे हिशोब आहे. नेहमीच्या कपड्यातला माणूस आत आला की तो प्रेक्षक होतो आणि बाकीचे तमाशा होतात. स्वतः रबरात घाम गाळत उभा असलेला माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवून खिदळत नाही. दारू पिऊन "आत नंगे लोक बघू" म्हणत आलेलं टोळकं दारातच गळतं. आतल्या बायका मोकळेपणाने वावरतात त्याचं अर्धं श्रेय मी दारावरच्या त्या माणसाला देतो. सोहोतल्या साध्या पबमध्ये माझ्या मैत्रिणींना जितका त्रास झालाय तितका इथे झालेला नाही, असं त्याच सांगतात.

तर "नुसतं बघायला" चालेल का? चालेल, पण सजून. डंजनमध्ये उभं राहून बघायलाही हरकत नाही, अंतर राखून आणि तोंड मिटून. खेळ चालू असताना मध्ये बोलायचं नाही, "दुखतं का हो?" विचारायचं नाही, हात तर कुठेच लावायचा नाही, कोणाच्या छान ड्रेसलासुद्धा. तुम्हाला कोणी विचारलं आणि नको असेल तर "नो, थँक यू" पुरेसं आहे, कारण द्यावं लागत नाही. आपल्याकडे भिडेखातर "बघू, नंतर" म्हणायची सवय असते ना, ती घरी ठेवा. तिथे "नंतर"चा अर्थ नंतर असाच घेतात. तुम्ही दोघांनी निघण्यापूर्वी एक खूण ठरवून ठेवा. कोणीही एकाने ती केली की दोघंही बाहेर, वाद घरी गेल्यावर.

कपडे काय? पहिल्याच वेळी लेटेक्स, म्हणजे अंगाला घट्ट बसणाऱ्या पातळ रबराचे कपडे, घ्यायची घाई नको. बरा ड्रेस शंभर-दोनशे पौंडांच्या खाली क्वचित मिळतो आणि त्याचे लाड वेगळे. कॅम्डन मार्केटमध्ये पीव्हीसी (चकाकत्या प्लास्टिकचे कपडे), हार्नेस (अंगावर बांधायचे पट्टे), कोर्सेट (कंबर आवळणारी चोळी) परवडेल असं मिळतं. नवऱ्यांनो, नुसता काळा शर्ट आणि काळी पँट घालून बायकोच्या जिवावर आत शिरू म्हणू नका. सर्वांत जास्त परत जातात ते हेच लोक.

नऊवारी चालेल का, असं मला एका ताईंनी मागे विचारलं होतं. मेहनत घेतली असेल तर दारावर कदाचित चालेलही. माझा सल्ला मात्र नको असाच. तिथे ती नऊवारी राहत नाही, "एक्झॉटिक" होते, आणि मग रात्रभर अनोळखी लोकांना काष्टा कसा घालतात ते समजावत बसावं लागतं.

लेटेक्सच घ्यायचं ठरलं तर एवढं लक्षात ठेवा. हा रबराच्या झाडाचा चीक, केरळात काढतात तोच. तेलाने त्याची वाट लागते. त्यामुळे त्या दिवशी खोबरेल, लोशन, मॉइश्चरायझर काही नाही. नखं कापा, अंगठ्या काढा. तांब्या-पितळेचे दागिने लागले तर फिक्या रंगावर तपकिरी डाग पडतात, ते जात नाहीत. आतून टाल्कम पावडर किंवा सिलिकॉनचं वंगण लावून हळूहळू चढवायचं, ओढायचं ते बोटांच्या पेरांनी. वरून सिलिकॉन पॉलिश मारलं की चकाकतं. घरी आल्यावर कोमट पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, पावडर लावून ठेवा. बाल्कनीत उन्हात टाकलं तर खराब होईल, शिवाय शेजारच्या काकू विचारतील ते वेगळंच.

फोटोंची भीती रास्त आहे. आत मोबाइलवर फोटो काढायला मनाई असते. क्लबचे स्वतःचे छायाचित्रकार असतात, त्यांना सरळ नाही म्हणा. चेहरा दिसायला नको असेल तर मास्क घाला, तिथे मास्क घातलेला माणूस उलट व्यवस्थित सजलेला वाटतो. बर्लिनच्या अशाच 'किटकॅट क्लब'मध्ये, १९९४ पासून चालू आहे तो, फोनच्या बाबतीत याहून कडक आहेत. पण तिथे नाच आणि बाकीचं यातली रेषाही बरीच पुसट. पहिली खेप लंडनचीच बरी. आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटलेलं कोणी दिसलंच, तर हसून मान हलवायची आणि पुढे जायचं. तेही तेच करतील. त्यांनाही पुढच्या वर्षी आरतीला यायचंच असतं.

परतीचं बघून ठेवा. गेल्या काही वर्षांत बऱ्याच रात्री एंजल स्टेशनजवळच्या 'इलेक्ट्रोवर्क्स'मध्ये झाल्या आहेत (जागा बदलते, तिकिटावर बघा). नॉर्दर्न लाइनची नाइट ट्यूब (रात्रभर चालणारी भुयारी रेल्वे) एंजलवरून जात नाही, ती चेरिंग क्रॉसच्या बाजूने जाते. तुम्ही किंग्ज क्रॉसपर्यंत चालत या, तिथून शुक्रवार-शनिवारच्या रात्री पिकॅडिली लाइन थेट हाउन्स्लोला सोडेल. ओव्हरकोट लांब घ्या, घोट्यापर्यंत. बॅगेत सपाट चपला टाका दोघांच्याही. क्लोकरूमला रांग असते, म्हणून शेवटच्या गाण्याच्या अर्धा तास आधीच तिथून कोट परत घ्या.